लिफ्टर नसीम

नसीमच्या धाकट्या भावाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात भाचीसाठी चपला घेत होते. "शोभाताई, आपा गई..." एवढंच तो बोलला आणि फोन ठेवला. दुकानदार दुसरा जोड समोर ठेवून नंबर विचारत होता, आणि मला नंबर आठवेना. आदल्या संध्याकाळीच मी नसीमला दवाखान्यात भेटून आले होते. निघताना तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "उद्या येशील ना गं?" मी हो म्हणाले होते. रिक्षानं दवाखान्यात पोचले, तोवर तिला खुलताबादला घेऊन गेले होते... आता दीड महिना होत आला. अजूनही संध्याकाळ झाली की पाय दवाखान्याच्या रस्त्याकडं वळतात.

आम्ही भेटलो ते व्हॉलीबॉलच्या जिल्हा शिबिरात. मी करमाडची, उंच, डावखुरी आणि बोलायला लाजरी. ती खुलताबादची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि तिचं तोंड कधी बंद नसायचं. या खेळात स्मॅश मारणाऱ्याचं नाव होतं. त्याला चेंडू उचलून देणाऱ्या लिफ्टरकडं कुणी फारसं बघत नाही. नसीम लिफ्टर होती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुला बॉल कुठं पायजे? नेटजवळ का जरा लांब?" मला तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. जिथं येईल तिथून मी मारायची. "माहीत नाय," म्हणाले. "मंग बघू की," म्हणाली, आणि बाकीच्या मुली जेवायला गेल्या तरी ती मला चेंडू देत राहिली. मला तो नेटपासून जरा लांब लागतो, हे माझ्याआधी तिला कळलं. तिचे अब्बा शिंपी. खेळताना घालायला लांब काळी पँट त्यांनीच तिला शिवून दिली होती. अम्मीचा जीव घाबरायचा, पण शहरात मॅच असली की अब्बा दुकान बंद करून पहिल्या रांगेत येऊन बसायचे.

पुढं भारताच्या युवा संघात आम्हा दोघींची निवड झाली आणि आशियाई स्पर्धेसाठी आम्ही थायलंडला गेलो. मुलींच्या युवा संघाचा परदेशातला इतिहास म्हणजे बहुतेक पराभवांचाच, असं आम्ही शिबिरात मोठ्या मुलींकडून ऐकून होतो. संघ जातो, हरतो, पेपरात दोन ओळी येतात. आमचंही तसंच चाललं होतं. गटातले सगळे सामने हरलो. राहिला होता खालच्या क्रमांकासाठीचा शेवटचा सामना. त्यात दोन-दोन सेटची बरोबरी होत आली असताना नसीम नेटवर चेंडू अडवायला उडाली ती वेडीवाकडी खाली आली. लगेच उठली, हसली. कोचनी बाहेरून विचारलं, "ठीक है?" "एकदम ठीक, सर." शेवटचा सेट ती खेळली. शेवटच्या गुणाचा चेंडूही तिच्याच हातून निघाला; मला हवा तसा, नेटपासून जरा लांब... मी मारला आणि जिंकलो. सगळ्या माझ्यावर येऊन पडल्या. नसीम तेवढी नेटचा खांब धरून उभी होती. मला वाटलं, आनंदानं रडतेय. खोलीवर गेल्यावर तिनं ती काळी पँट वर सारली तेव्हा तिचा टम्म सुजलेला गुडघा बघून मी बर्फ आणायला धावले.

लिगामेंट तुटलं होतं, आणि वर शेवटचा सेट खेळल्यानं आणखी बिघडलं होतं. ऑपरेशन झालं. वरच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा ती गेली, आणि आठवड्याच्या आत परत आली. धावताना गुडघा दगा देत होता. पुन्हा भारताकडून खेळणं झालं नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या स्कूटीवरून घाट चढताना मी तिला विचारलं, "पस्तावा होतो का गं?" ती मागून माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "होतो ना. रोज होतो. सरांना सांगितलं असतं तर अजून दहा वर्षं खेळले असते मी."

ती खुलताबादच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. लग्नाचं मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मुली गोळा करायची, त्यांना आमच्या आधीच्या, आमच्या आणि नंतरच्या युवा संघांच्या गोष्टी सांगायची. हरलेले सामनेसुद्धा असे रंगवायची की मुली घरी जायचं विसरायच्या. त्यातच तिला कावेरी सापडली. डोंगरापलीकडच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या वडलांना नसीम सांगून आली, "तुमची पोरगी लई उंच उडते. मला द्या." वडील म्हणाले, "उडून कुठं जाईल?" "तुम्हाला विमान दाखवीन," नसीम म्हणाली. आणि यंदा कावेरी खरोखर युवा संघातून परदेशात गेली. तिला सोडायला विमानतळावर वडील गेले. नसीम जाऊ शकली नाही. पोटातला कर्करोग तोवर पसरला होता.

स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात कावेरीचा पाय मुरगळला. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी नसीमच्या खाटेजवळच होते; फोन स्पीकरवर होता. "मॅडम, कुणाला सांगितलं नाय. पट्टी बांधून खेळते उद्या." नसीमला बसताही येत नव्हतं, तरी ती कोपरावर उठली. "आत्ताच्या आत्ता कोचला सांग."

"मला बसवतील की बाहेर!"

"बसवू दे."

"तुम्ही नव्हतात का खेळल्या तसंच? तुम्हीच सांगितलं आम्हाला..."

"व्हय, खेळले. जिंकले ते सांगितलं, पुढचं सांगितलं नाय. माझा गुडघा बघितलास ना तू? जा, सांग त्यांना."

कावेरी रडत होती. फोन ठेवल्यावर नसीमही रडली. "तिला राग आला माझा," म्हणाली. दोन दिवस कावेरीनं फोन केला नाही, नसीमचा उचललाही नाही. तिनं कोचला सांगितलं होतं. ती बाकावर बसली आणि आपण दोन सामने हरलो. शेवटच्या सामन्यात तिला उतरवलं. तो आम्ही माझ्या मोबाईलवर पाहिला. चित्र मधेच अडकायचं, नसीम डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. कावेरी सुरेख खेळली, पण पाचव्या सेटमध्ये आपण हरलो. मी हळहळले. नसीम मात्र पडद्याकडंच बघत होती. "बघितलंस का? प्रत्येक वेळी दोन्ही पायांवर उतरली पोरगी."

संघ परतायच्या आत ती गेली. कावेरी आली ती घरी न जाता थेट कबरस्तानाच्या फाटकाशी गेली. आत जावं की नाही ते तिला कळेना. सलीम आणि मी पोचेपर्यंत ती तिथंच पायऱ्यांवर बसून होती, पाठीला सॅक तशीच. "मॅडमचा फोन मीच उचलला नाय दोन दिवस," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिला सांगितलं, तुझा सामना तिनं पाहिला, आणि काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं तिचं रडणं थांबलं नाही. माझंही थांबलं नाही.

नसीमच्या चाळिसाव्या दिवसानंतर अम्मींना भेटायला गेले. ईद जवळ आली म्हणून सलीमनं रंगाचं काम काढलं होतं. नसीमच्या खोलीतल्या एका भिंतीचा चुना डोक्याच्या वर, हात पोचेल तिथं, ताटाएवढा गोल झिजून गेला होता. शाळेतून आली की ती तिथं चेंडू मारत राहायची, बोटांची सवय जाऊ नये म्हणून. शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत. "रोज चिल्लाती थी मैं उसपे, दीवार खराब करती बोलके," अम्मी म्हणाल्या. रंगारी ब्रश घेऊन त्या भिंतीशी आला आणि म्हणाला, पुट्टी भरून घेतो, हे फार वाईट दिसतं.

अम्मी खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"दिखने दे," म्हणाल्या.