परत आलेल्या स्लाइड्स

हिलाल गेल्याचं मला शाळेत कळलं. पाचवीच्या वर्गात भूगोल चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, “सर, तुमचे ते फोटोवाले हिलालभाऊ गेले.” फोटोवाले! जन्मभर लूम्सच्या खात्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ही पदवी मेल्यावर मिळाली. जिवंतपणी मिळाली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आम्ही दोघं अमळनेरकडचे, सुरतेत लिंबायतला एकाच गल्लीत राहणारे. मी मराठी शाळेत मास्तर, तो मागावर. कापसाच्या धुरळ्याने त्याची छाती भरली होती, खडखडाटाने कान निम्मे गेले होते. त्याला खात्यातून सुटायचं होतं, आणि एका जुन्या कॅमेऱ्यावर त्याने सगळी आशा ठेवली होती. मुंबईत एक एजन्सी होती. लोकांचे फोटो आपल्याकडे ठेवून कॅलेंडरवाल्यांना, जाहिरातवाल्यांना विकायची. फोटोंच्या स्लाइड्स, म्हणजे उजेडात धरून बघायच्या पारदर्शक फिल्मच्या चौकटी, तो पाठवायचा, सोबतचं इंग्रजी पत्र मी लिहायचो. आणि सगळं परत यायचं. मागावरचे कामगार पाठवले, तर चेहरे थकलेले आहेत, हसरे हवेत. गल्ली पाठवली, तर गर्दी फार, अक्षरं छापायला एका बाजूला मोकळी जागा हवी. “सर, लिंबायतात मोकळी जागा कुठून आणू?” असं हसत विचारायचा. तेव्हा हसायचा...

मग श्रावणात त्याने घरच्या कानबाईचा फोटो काढला. आम्हा खान्देशी लोकांची ही देवी. पाटावर नारळ, त्याला नथ, डोळे आणि नवंकोरं लुगडं. काय देखणा फोटो होता! हा जाणार, असं मीही म्हटलं. उत्तर आलं, चित्र छान आहे, पण लुगड्यावर गिरणीची सोनेरी चिठ्ठी दिसते, तो ट्रेडमार्क आहे, गिरणीची लेखी परवानगी आणा. बिचारा खाडा करून सुरतेजवळच्या सचिन गावी, त्या गिरणीत गेला. नोकरी मागायला आलाय असं समजून गेटवरूनच त्याला हाकललं. आता चिठ्ठी काढून फोटो घ्यायला काय हरकत होती? हरकत त्याच्या आईची होती. चिठ्ठीसकट नेसवलं तरच लुगडं कोरं, ही त्या घरातली रीत. “चिठ्ठी काढी टाकी, तं कोरं कसं म्हनशी रे?” म्हातारीचा एकच सवाल.

पुढच्या श्रावणात आई आंघोळीला गेलेली पाहून हिलालने ती चिठ्ठी काढली आणि फोटो घेतला. आईला आल्या आल्या दिसलं. भांडली नाही ती. पण त्या वर्षी तिने कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा घास तोंडात घातला नाही, आणि पुढचा श्रावण काही तिने पाहिला नाही.

फोटो मात्र निर्मळ आला होता. उत्तराची वाट बघून बघून आम्ही एसटीडी बूथवरून फोन लावला. हिलालला नीट ऐकू येईना, म्हणून त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. “फोटो चांगला आहे हो,” एजन्सीतल्या बाई म्हणाल्या, “पण ही देवी कोण? गिऱ्हाइकं ओळखतच नाहीत. लक्ष्मी असेल तर पाठवा.”

“काय म्हणाल्या?” हिलालने विचारलं. माझं डोकं फिरलं होतं. जसंच्या तसं सांगून टाकलं. पाळीची वेळ झाली म्हणून तो खात्याकडे निघाला. त्यानंतर त्याने कॅमेरा हातात घेतला नाही. खोकत खोकत पाळीवर मात्र शेवटपर्यंत गेला.

परवा इंदूवहिनींनी, त्याच्या बायकोने, घरी बोलावलं. फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत स्लाइड्स आणि तांदळाची एक पुरचुंडी. सुरतेची हवा दमट, म्हणून ओल शोषणारी ती पुरचुंडी उन्हात वाळवून परत डब्यात ठेवायचं काम हिलालने वहिनींवर सोपवलं होतं. अजून करतात.

“सर, एकदा पाठवून बघा ना,” त्या म्हणाल्या. “आता ते नाहीत, म्हणून तरी घेतील कुणी.”

कानबाईची स्लाइड मी खिडकीशी धरली. पांढरी बुरशी. नथ नाही, नारळ नाही, लुगडं नाही. दुसरी धरली, तिसरी धरली... सगळ्या तशाच.

“पाठवतो,” मी म्हणालो.

वहिनींनी पुरचुंडी उचलली आणि उन्हात ठेवायला ओट्यावर गेल्या.