तो मरळ

सुट्टी लागायच्या दिवशी गुरुजींनी शाळेच्या कपाटातून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक ठेवलं. "उन्हाळाभर नुसते आंबे चोखत हिंडू नका, वाचा!" माझ्या वाट्याला पाण्यातल्या जिवांचं पुस्तक आलं. पुठ्ठा गळून गेलेला, त्यामुळे नाव कधी कळलंच नाही. मी फणकारलेच. शेजारणीला ताऱ्यांचं पुस्तक, आणि मला मासे? आम्ही ढिवर, पोंभुर्ण्याकडे तळ्याकाठी राहून मासे धरणारे. मासे काय पुस्तकात बघायचे?

तरी वाचलं. दुपारी बा आंब्याखाली जाळं सांधत बसायचा आणि मी मोठ्यानं वाचायचे. त्याला वाचता येत नव्हतं आणि मला गप्प बसता येत नव्हतं.

आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून माझं न्हाणं-खाणं, आजारपण, वेणी, सगळं बानंच केलं. वेणी वाकडी यायची, ते सोडा.

त्या उन्हाळ्यात मार्कंडा गावाहून आत्याबाई आली, मला कायमची घेऊन जायला. मनानं फार चांगली हो, माझ्या परकरासाठी फुलाफुलांचं कापडही आणलं होतं तिनं. पण तिच्या गावी शाळा नव्हती, आणि माझा बा नव्हता.

"भाऊ, पोरगी मोठी होऊन राह्यली," ती म्हणाली. "बाईमाणसाबिगर लेकरू वाढते काय कुठी? तू एकटा काय काय पाहाशीन?"

बा मान खाली घालून सुई ओढत राहिला. त्याला तिचं पटत होतं! असा राग आला मला, तिचा नाही, त्याचा.

मी तरातरा घरात गेले, पुस्तक आणलं आणि मरळीचं पान काढलं. मरळीची पिल्लं लालभडक, पाण्यावर घोळक्यानं तरंगतात आणि खाली एक मोठा मासा त्यांची राखण करतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. 'ती मरळ' म्हणतात, तेव्हा राखणारी माय, हेही सगळे धरूनच चाललेले. पुस्तकात मात्र लिहिलं होतं, की राखण बहुतेक करून नर करतो, म्हणजे बाप. आधी वाचलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं, म्हणून बाला सांगितलं नव्हतं. आता खणखणीत आवाजात वाचलं.

"कायबी छापतेत," आत्याबाई म्हणाली. "मरळ बाप कशी असन?"

"छापलं हाये! पाय!"

तिलाही वाचता येत नव्हतं, तरी बिचारीनं वाकून पाहिलं. बाची सुई थांबली होती. "पुन्हा वाच," तो म्हणाला. वाचलं. "अजून एकडाव."

"आन् माय कुठी जाते मंग?" आत्याबाईनं विचारलं.

ते पुस्तकात नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, पुढे खेकडे होते.

"गेली असन कुठी," बा हळूच म्हणाला. "तिचा काय दोष?" मग डोळे पुसून म्हणाला, "बाई, पोरगी इथीच राहीन."

आत्याबाई रडली. मला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं बाला समोर बसवून वेणी घालायला शिकवलं. "अरे हळू ओढ! जाळं नोहे ते, पोरीचे केस हायेत!"

नंतर एकदा मी बासोबत तळ्यावर होते. कडेला लाल पिल्लांचा घोळका वर आला. खाली राखणारा मोठा मासा असणारच, म्हणून अशा वेळी आमचा माणूस लगेच जाळं टाकतो. बानं जाळं उचललं, आणि खांद्यावर घेतलं.

"राहू दे. त्याची पोरं लहान हायेत."

'त्याची' म्हणाला तो. शाळा उघडल्यावर मी निबंधात 'तो मरळ' लिहिलं. गुरुजींनी लाल शाईनं 'ती' केलं. मी पुन्हा 'तो' लिहिलं. आजही तोच म्हणते. बाजारात बाया हसतात, हसू देत. चुलीत गेलं ते व्याकरण. मला वाढवलं ते बानं.