कुक्षीच्या मुलीची मराठी

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धारला राहते, मी देवासला. अक्काच्या मुलाने निमाडातल्या कुक्षीची एक मुलगी पसंत केली, तेव्हा अक्काने एकच हरकत काढली. मुलगी मराठी नाही; ती आली की घरातली मराठी संपेल.

भाच्याने मला फोन केला. "मावशी, तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस. हिला मराठी शिकव ना यार. मग आई कशाला नाही म्हणेल?"

मी शाळेत हिंदी शिकवायचे, मराठी नव्हे. तरी हो म्हणाले.

संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो. घरात नेटवर्क नीट मिळत नसे म्हणून ती गच्चीवर जायची. मागे वाळत घातलेले कपडे हलताना दिसायचे. 'ळ' तिला सहज यायचा, तिच्या घरच्या निमाडीत तो आहेच. अडायचं ते 'चहा' आणि 'चमचा' यांतल्या दोन वेगळ्या 'च'पाशी. मी फोन तोंडाशी नेऊन जीभ कुठे लागते ते दाखवायचे आणि ती हसत सुटायची.

"चहा तो, साखर ती, मग दूध ते का, मावशी? दुधाने काय केलं?"

दिवसा ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची: आज भाजी काय केली, घरच्या दुकानात कोण आलं. मी चुका सांगून उलट पाठवायचे. पावसाळा सरेपर्यंत ती न अडखळता बोलू लागली. खरं तर देवासमध्ये मीही इतकं मराठी कुणाशी बोलत नव्हते.

मग ती धारला आली. मीही गेले. अक्काच्या पाया पडून ती म्हणाली, "काकू, गुडघे कसे आहेत तुमचे? फार दुखतात असं कळलं."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. "हाँ बेटा, ठीक है. बैठो."

दुपारभर असंच चाललं. ती मराठीत विचारी, अक्का हिंदीत उत्तर देई. स्वयंपाकघरात मी म्हटलं, "अक्का, अगं, तुझ्यासाठी शिकली ती. मराठीत बोल ना तिच्याशी."

"छान बोलते," अक्का पोहे वाढत म्हणाली. "पण तिच्याशी बोलताना तोंडातून हिंदीच निघते गं. आपली वाटत नाही."

ती नंतरही दोन-तीनदा धारला जाऊन आली. मग एके सकाळी फोनवर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "मावशी, मी लग्नाला नाही म्हटलं. भाषा शिकले, पण त्या घरात माझ्याशी ती बोलायला कुणी मिळालं नाही. तुमच्यावर राग नाही माझा."

सवयीने मी चुका शोधत ऐकलं. एकही नव्हती.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, आपला वर्ग तरी चालू ठेवू.

"आता कशासाठी, मावशी?"



भाच्याचं पुढे इंदूरच्या एका मराठी मुलीशी लग्न झालं. गोड मुलगी आहे. हिंदी शाळेत शिकलेली, अक्काशी हिंदीतच बोलते. अक्काला त्यात काही खटकत नाही.

कुक्षीची ती आता जवळच्याच डही गावी शिक्षिका आहे. सणावारी तिचे मेसेज येत राहिले. आधी मराठीत, मग मिसळून. गेल्या दिवाळीचा सगळा हिंदीत होता. मी मराठीत उत्तर लिहायला घेतलं, मग वाटलं, जुनं उकरल्यासारखं होईल, आणि हिंदीतच पाठवलं. तसं करायला नको होतं.