मिठात पुरलेला माणूस

सिनेमातल्या आरडाओरड करणाऱ्या गुंडांना मी कधी घाबरले नाही. मला भीती वाटते ती गोड बोलणाऱ्यांची. हे मी तेराव्या वर्षी घरच्या ओट्यावर शिकले.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. जासईच्या पलीकडे खाडीकाठी आमचं गाव. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. मुंबईहून सिनेमावाले आमच्या मिठागरावर आले, दोन दिवस राहिले. सिनेमा खुनाचा होता. मिठाच्या राशीत प्रेत पुरणारा एक गुंड त्यांना हवा होता आणि माझ्या बाबाचा चेहरा त्यांना भारी पसंत पडला. लहानपणी विळा लागून बाबाचा गाल फाटला होता, त्यामुळे तो हसला तरी दात विचकल्यासारखा दिसायचा. एरवी त्याच्याइतका भित्रा माणूस गावात नव्हता. कोंबडी आई कापायची, तेव्हा हा मागच्या दाराने पसार व्हायचा. प्रेत व्हायला आलेल्या नटाच्या अंगाला मीठ झोंबलं, म्हणून त्याच्या जागी माझ्या थोरल्या काकाचा मुलगा पालथा झोपला. तेव्हा गावाने टाळ्या पिटल्या.

पुढच्या चैत्रात जत्रेला तंबूतला सिनेमा आला आणि तोच लागला. दिवेलागणीच्या खेळाला अख्खं गाव बसलं. त्यातला मुख्य खलनायक पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला, आवाज न चढवणारा. ज्याला मारायचं त्याला तो आधी मायेने विचारायचा, "जेवलास का?" बायका म्हणाल्या, किती देखणा माणूस! मग पडद्यावर बाबा आला, फावड्याने प्रेतावर मीठ ओढू लागला, आणि तंबूत चिडीचूप झालं. प्रेताचा चेहरा दिसलाच नाही. बाबाचा मात्र पडदाभर दिसला.

त्यानंतर बाबा दिसला की बाया पोरांना पदराआड घेऊ लागल्या. मला हसू यायचं. पण आमच्याकडे मीठ म्हणजे गंमत नव्हे. हंगामाचं पहिलं मीठ ओढायचा मान आमच्या घराचा होता. नारळ फोडून बाबा वाफ्यातलं मीठ काठावर ओढायचा आणि घरटी एकेक ओंजळ द्यायचा. ते जिभेवर ठेवल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नसे. बाबाकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

हंगाम तोंडावर आला तेव्हा थोरले काका ओट्यावर येऊन बसले. बाबाचे चुलतभाऊ, गावचे पुढारी.

"भाऊ, राग नको मानू," ते हसत म्हणाले. "आमच्या मनात काय बी नाय. पन लोकं बोलतात, ज्या हातानं मिठात मुडदा पुरला, त्या हातचं मीठ खावाचं कसं? औंदा तुला बरं नाय, असं सांग. माझा पोरगा ओढंल."

म्हणजे प्रेत चालत होतं, पुरणारा चालत नव्हता! मी दारातून ओरडले, "मुडदा तर तुमचाच पोरगा झालता!"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठता उठता त्यांनी बाबाच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवलास का?"

हे तर आमच्याकडे जो तो विचारतो. पण माझ्या अंगावर काटा आला. बाबा मान खाली घालून म्हणाला, "जेवलो, दादा."

मला बाबाचाच संताप आला. आईने कोपऱ्यातलं फावडं उचलून त्याच्यासमोर आणून ठेवलं. "तुमी आजारी हाव का?" तिने विचारलं. त्याने फावडं हातात घेतलं. मग म्हणाला, "नाय."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बांधावर गेलो. काकांचा मुलगा नवा सदरा घालून उभा होता. बाबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. नारळ फोडला, वाफ्यात उतरला, मीठ ओढलं आणि ओंजळ भरून लोकांसमोर उभा राहिला. कुणी पुढे आलं नाही. काका हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "भाऊ, कशाला हट्ट करतंस? ठेव खाली."

बाबाच्या हातांना भेगा होत्या. मीठ त्यांत झोंबत असणार, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी त्याने ओंजळ सोडली नाही. हाच माझा भित्रा बाबा! मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला, त्या सगळ्या सभ्य, शांत, हसऱ्या तोंडांचा. मी पुढे झाले. त्याच्या ओंजळीतलं मीठ मूठभर उचललं, चिमूटभर नाही, आणि काकांच्या डोळ्यांत बघत तोंडात घातलं. घशाला आग लागली, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण थुंकले नाही, सगळं गिळलं.

दर वर्षीसारखंच होतं. खारट.