लाल लोकरीचा टोमॅटो

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघे डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातून किलकेनीला निघालो. गाडी शिरीषदादांची. शेजारी वृंदावहिनी, मागे मी, मांडीवर सँडविचच्या सामानाची पिशवी. शिरीषदादा पुण्याचे, चेरीवूडच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझी तिथलीच नोकरी त्यांच्या शब्दामुळे लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे असे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच "तुझी ती आयरिश आजी दाखव की एकदा" असे ते म्हणाले तेव्हा मला नाही म्हणवले नाही. म्हणायला हवे होते.

नोराबाई माझ्या जुन्या घरमालकीण. निवृत्त परिचारिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. कार्लो गावी कॉलेजात शिकत असताना तिथे खोली मिळेना, तेव्हा किलकेनीबाहेरच्या आपल्या घरात त्यांनी मला ठेवून घेतले. मी रोज आगगाडीने कॉलेजला जायचो.

दोन्ही बाजूंना कुरणे, दगडी बांध, निवांत चरणाऱ्या गाई. किलकेनीचा किल्ला शिरीषदादांनी दहा मिनिटांत उरकला. चार फोटो काढले आणि "चला, झाला" म्हणाले. नदीजवळच्या दुकानात मी सोडा ब्रेड (यीस्टऐवजी सोडा घालून भाजलेला पाव) घेतला. रांगेत पुढे उभा असलेला एक शेतकरी घाम पुसत म्हणाला, "ही दमट हवा चांगली नाही. करप्याचा इशारा दिलाय रेडिओवर. आठवड्यात बटाटे जातील."

"आणि टोमॅटो?" मी विचारले.

"बाहेर लावलेले? ते तर आधी."

नोराबाईंचे टोमॅटो बाहेरच असतात, काचघर नाही. आपल्याकडे बारमाही टोमॅटो खाणाऱ्यांना हे नवल वाटणार नाही, पण आयर्लंडमध्ये उघड्यावर टोमॅटो पिकवणे फार चिकाटीचे काम आहे. मार्चमध्ये खिडकीत बी रुजवायचे, मे महिन्यात रोपे दिवसा बाहेर आणि संध्याकाळी आत करत त्यांना गारठ्याची सवय लावायची, मग दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या उबेला लावायची. एवढे करून फळ करप्याच्या आधी पिकले तर पिकले. नोराबाईंच्या नवऱ्याने वर्षानुवर्षे एकच नेम पाळला होता. ज्या झाडाचे फळ सगळ्यांत आधी लाल होईल, त्याचे पहिले फळ खायचे नाही, बियाण्याला ठेवायचे. अशाने त्यांच्याकडे थंडी सोसणारे, लवकर पिकणारे वाण तयार झाले. नवरा गेला, नेम बाईंनी चालू ठेवला. गेल्या वर्षी करपा लवकर आला आणि बी धरताच आले नाही. यंदा डबीतल्या शेवटच्या जुन्या बियांतून तीनच रोपे आली, त्यांतल्या एकाच्या पहिल्या घोसाला एकच फळ धरले. बाकी सगळी फळे हिरवी, कच्च्या बियांची.

ते एक फळ त्या दिवशी लालभडक झाले होते. देठाला लाल लोकरीचा धागा बांधलेला. आम्ही पोचताच नोराबाईंनी आम्हाला भिंतीपाशी नेऊन हे सगळे सांगितले. "उद्या सकाळी तोडणार," त्या म्हणाल्या. शिरीषदादा फोनवर बोटे फिरवत "येस, येस, व्हेरी नाइस" म्हणत होते.

मग मी चहाला मदत करायला आत गेलो. प्रेसमधून (कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात) कप काढले, ट्रे घेऊन बाहेर आलो, तर लाल धागा गवतावर पडलेला.

"दादा, टोमॅटो?"

"अरे, आपले घरीच राहिले. वहिनी तुझी चिडली माझ्यावर. हा मस्त पिकलेला होता." शिरीषदादांच्या हातात अर्धे खाल्लेले सँडविच. "टेस्टला एकदम गावठी, बॉस!"

"तो बियाण्याचा होता. आत्ता सांगितलं त्यांनी!"

"एक टोमॅटो रे! जाताना किलोभर घेऊन देऊ तिला."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटले. "खाली ठेवा ते."

"काय?"

"सँडविच खाली ठेवा, दादा. वहिनी, तुम्हीही खाऊ नका."

वहिनींनी चटकन ठेवले. दादा हसले. "कोणाशी बोलतोयस, कळतंय ना? नोकरीला लावला तुला मी."

मी त्यांच्या हातातून सँडविच काढून घेतले. शब्दशः ओढून. पाव उघडले आणि चमच्याने लोणी-चटणीतून एकेक फोड, एकेक बी खरवडून पाण्याच्या पेल्यात टाकू लागलो. तेवढ्यात नोराबाई बाहेर आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग पेल्याकडे, आणि खुर्चीवर बसल्या.

"काही नाही, ग्रँड आहे," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळे ठीक आहे.

"बघ! ती स्वतः ग्रँड म्हणतेय," शिरीषदादा म्हणाले. "तूच तमाशा करतोयस."

चार वर्षे या देशात काढलेल्या माणसाला एवढेही कळू नये, की इथली माणसे घर जळत असले तरी पाहुण्याला ग्रँडच म्हणतात? मी मराठीतून ओरडलो, "त्यांचा चेहरा बघा!" नोराबाईंनी उठून चिमटा आणला. चटणीचे तिखट धुवून टाकायला आम्ही तीनदा पाणी बदलले. एकतीस बिया निघाल्या.

मी त्या गाडीतून परत आलो नाही. वहिनी निघताना हळूच "सॉरी रे" म्हणाल्या; ते मला नव्हे, नोराबाईंना म्हणायला हवे होते. मी रात्री तिथेच राहिलो आणि रविवारी आगगाडीने डब्लिनला आलो. कार्लो स्टेशन मागे गेले तरी राग कमी होत नव्हता. शिरीषदादांवर होताच, पण स्वतःवरही होता. बाई सांगत होत्या तेव्हा दादांच्या हातातला फोन मला दिसत होता. "नीट ऐका" म्हणायला तेव्हा जीभ उचलली नाही. मदत करणाऱ्यापुढे मान खाली ठेवायची, हेच मी लहानपणापासून शिकलो. पण उपकार माझ्यावर होते, त्यांची परतफेड बाईंच्या बागेतून का व्हावी?

गुरुवारी नोराबाईंचा फोन आला. तिन्ही झाडे काळी पडली, उपटून टाकली. बिया ताटलीत वाळल्या आहेत.

त्याच संध्याकाळी शिरीषदादांचा मेसेज आला, जणू काही घडलेच नव्हते. "सॅटर्डेला गॉलवे. येतोस ना?"

मी लिहिले, "आधी किलकेनीला जाऊन नोराबाईंची माफी मागा. मी बरोबर येतो."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेले नाही. शुक्रवारी ऑफिसात त्यांची गाठ पडेल, तेव्हा हेच तोंडावर सांगणार आहे.