सोड्यात धुतलेली पट्टी

मिलिंदा गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला. "झोपेतच गेले काका, त्रास नाही झाला," ती म्हणाली, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला हुश्श झालं. उभ्या जन्मात हा माणूस कधी स्वस्थ बसला नव्हता. निदान जाताना तरी निवांत गेला...

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. मी खासबागेत राहायचो, तो निपाणीहून बसनं यायचा. आईनं विड्या वळून शिकवलेलं पोर, आणि वेड कसलं, तर वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचं! "प्लास्टिकातनं कुठली रं वीज जाणार?" म्हणून स्टाफरूममध्ये सगळे त्याची टर उडवायचे. हा पठ्ठ्या ॲनिलिनपासून ते प्लास्टिक बनवून सुती कापडाच्या पट्टीवर चढवायचा. पट्टी गर्द हिरवी व्हायची, आणि तारांनी तिला बॅटरी नि इवलासा लाल दिवा जोडला की दिवा लागायचा. उद्या याच्याच हलक्या बॅटऱ्या होतील, घडी घालून खिशात ठेवायचे रेडिओ निघतील, असं तो हातवारे करत सांगायचा.

पीएचडीची मुदत संपत आलेली. सोमवारी दिवा लावून दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. आणि हा बहाद्दर शनिवारी, चांगली जमलेली एकुलती एक पट्टी आईला दाखवायला घरी निपाणीला घेऊन गेला! मलाही ओढून नेलं. सकाळी उठून बघतो, तर पट्टी दोरीवर वाळत घातलेली. चक्क निळी पडलेली.

"लई मळलं हुतं रं, सोड्यात घालून चांगलं चोळलं," आई म्हणाली. मिलिंदानं घाईघाईनं तारा जोडल्या. दिवा लागेना. तो मटकन खाली बसला. ते बघून आईच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या हातनं पोराचं वाटोळं झालं गं बया..." म्हणत ती कपाळ बडवायला लागली. तिचं रडं ऐकून मात्र हा भानावर आला. "आये, गप की! सोड्यानं गेलंय न्हवं? मग आंबटानं यील." लिंबं पिळली, रसात पट्टी बुडवली. आम्ही तिघं वाटीवर वाकून बसलो. हळूहळू निळ्यातनं हिरवं उमटलं. पट्टी वाळवून तारा जोडल्या, आणि दिवा लागला. जरा मिणमिणताच, पण लागला! आई हसता हसता रडली.

सोमवारी दिवा लावून दाखवल्यावर गडी थांबेल म्हणता? त्यानं पट्टी मुद्दाम सोड्यात बुडवली. मेलो, मी मनात म्हटलं. दिवा गेला. मग आम्लात बुडवून, पंख्याखाली वाळवून त्यानं तो परत आणला. मार्गदर्शक खुर्चीतून उठून जवळ आले. "हे कुठं शिकलात?" "आईनं धुतलं, सर." मुदत वाढवून मिळाली.

आईनं मात्र धसकाच घेतला. पुढं त्याचा साधा रुमालही विचारल्याशिवाय पाण्यात घालायची नाही. "धुऊ का रं?" "धू की, काय होत न्हाय." आईमागून सुनेनं थट्टेनं तेच चालू ठेवलं. परवा मी मिलिंदाच्या घरी गेलो, तर वहिनी न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. हातात त्याचा शेवटी अंगात असलेला सदरा. इतके दिवस न धुता ठेवलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, धुऊ का?"

मी सदऱ्याच्या बाहीवरनं हात फिरवला.

मग म्हणालो, "धुवा वहिनी. काय होत न्हाय."