चालताना बोलायचं नाही

मी बोलते फार, हे मला कोणी सांगायला नको. चेन बदलायला पँट घेऊन आलेलं गिऱ्हाईक चेन बसेपर्यंत माझ्या माहेरची सगळी हकीकत ऐकून जातं. मशीन थांबतं, तोंड थांबत नाही. अशा बाईला नवरा मिळाला तो ऐकून घेणारा. नुसता हं हं करणारा नव्हे. काहीही विचारा, नीट उत्तर देणारा. आणि आता मलाच सांगितलंय की बाई गं, याच्याशी बोलू नकोस, पडेल तो. आता काय म्हणायचं याला.

आमचे हे वेटर. कोर्टासमोरच्या हॉटेलात अख्खा जन्म गेला. ऑर्डर कधी कागदावर लिहिली नाही. कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाचं आम्लेट मिरचीशिवाय, कोणत्या वकिलाला टोस्ट करपलेला लागतो, सगळं डोक्यात. टेबलापासून भटारखान्यापर्यंत चालता चालता ते मनात ओळीने लावून घ्यायचे आणि खिडकीशी पोचले की घडाघडा म्हणून दाखवायचे. मालक त्यांना टेप म्हणायचा. तिथे त्यांचं खरं नाव कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

घर दोन खोल्यांचं. त्यात सासूबाई, धाकटी नणंद, आमची मुलगी आणि माझं मशीन. नवरा-बायकोने बोलायचं कुठे? म्हणून संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणायचं आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. नणंदेचं लग्न, मुलीचं कॉलेज, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं त्या रस्त्यावर ठरलं. कडाक्याची भांडणंही तिथेच झाली, आणि घर येईपर्यंत मिटलीही. घरात समोरासमोर बसून आम्ही कधी बोललोच नाही. आता सासूबाई गेल्या, पोरी आपापल्या घरी गेल्या, खुर्च्या रिकाम्या पडल्यात. पण बसलो की हे पेपर उघडतात आणि मी सुईत दोरा ओवते. बसून बोलायचं कसं ते आम्हाला येतच नाही.

पहिल्यांदा पडले ते हॉटेलात. ट्रे घेऊन निघाले होते, तर मागून एका वकिलाने विचारलं, "मामा, आज सूप कसलंय?" हे जागच्या जागी थांबले, मान वळवली, "टोमॅटोचं आहे साहेब, गरम आहे" असं व्यवस्थित सांगितलं आणि कोसळले. मनगट भाजलं. मालक भला माणूस. त्याने गल्ल्याजवळ खुर्ची टाकून दिली आणि चमचे पुसून रुमालात गुंडाळायचं काम दिलं. घरी येऊन हे म्हणाले, "टेप अडकली." त्यांना हसू आलं, मला नाही आलं.

दुसऱ्यांदा जिन्यात. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "काका, किती वाजले हो?" वेळ बरोबर सांगितली, पायरी चुकली.

मग डॉक्टर झाले, डोक्याचा फोटो झाला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत चालल्यात म्हणाले. औषध दिलं, पण देताना डॉक्टर माझ्याकडे बघेनात, त्यावरून मी काय ते समजले. हाडंही ठिसूळ झालीत. पुन्हा पडले आणि खुब्याचं हाड गेलं तर परत उभं राहणं कठीण, हे मात्र स्पष्ट सांगितलं. चालायला शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं.

ती मुलगी गोड होती. लांबलचक व्हरांडा, तिने यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. हे गेले आणि आले, ताठ. मी म्हटलं, बघा, काही झालेलं नाही. ती म्हणाली, "आता चालता चालता शंभरातून तीन तीन वजा करत या." हे निघाले. सत्त्याण्णव म्हणाले, पावलं बारीक झाली. चौऱ्याण्णव म्हणाले आणि जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहिले. एक्क्याण्णव अगदी बरोबर म्हणाले आणि कलले. तिने यांच्या कंबरेला बांधलेला पट्टा धरलेला होता म्हणून निभावलं.

तिने मला समजावून सांगितलं. आपण चालतो तेव्हा वाटतं की पाय आपोआप चाललेत. आतून मेंदू लक्ष ठेवून असतो, पण थोडंसंच, म्हणून गप्पा मारता येतात, हिशोब करता येतो. यांचं ते आपोआपपण गेलंय. आता एकेक पाऊल त्यांना लक्ष देऊन टाकावं लागतं, आणि लक्ष काही दोन ठिकाणी पुरत नाही. आमच्याकडे इस्त्री आणि गिझर एकदम लावले की फ्यूज उडतो, तसंच. मला लगेच कळलं.

"पण बरेचजण अशा वेळी हिशोब सोडतात," ती म्हणाली. "उत्तर चुकवतात, नाहीतर म्हणतात, थांबा, आधी चालू दे. हे पाय सोडतात. कोणी विचारलं की आधी उत्तर, मग स्वतःचा तोल. असे लोक जास्त पडतात."

मला रडूच आलं. उभा जन्म गिऱ्हाइकाला उत्तर दिल्याशिवाय पाऊल न उचलणारा माणूस तो. आणि त्याला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते मी.

चालणं बंद करू नका, नाहीतर पाय कायमचे जातील, असंही ती म्हणाली. तेव्हा ठरलं. टाकीपर्यंत जायचं, पण चालताना बोलायचं नाही. यांनाही पटलं. आमच्या मुलीने फोनवर बजावलं, "आई, पुन्हा पडले तर बाहेर जाणं बंद. मी येऊन खुर्चीला बांधून ठेवीन दोघांना." थट्टेत म्हणाली, पण आवाज थट्टेचा नव्हता.

मी तोंडाला कुलूप लावलं. माझ्यासारखीने. सुटलेलं कुत्रं दिसलं, सांगायचं नाही. बँकेवर नवीन पाटी लागली, सांगायचं नाही. त्यात ओळखीचे लोक. जो तो प्रेमाने विचारणार, "काय मामा, बरं आहे ना आता?" मी यांच्या मागून ओठांवर बोट ठेवून हातवारे करायची. किराणावाल्याने तर एकदा सरळ विचारलं, "वहिनी, घसा बसलाय का?" गल्लीत माझं डोकं फिरलंय असं बोललं जात असणार. बोलोत बापडे. हे पडत नव्हते ना.

मग एके दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. हॉस्पिटलात मिळते तशी चाकाची खुर्ची तिने बघून ठेवली होती. "आज ना उद्या लागणारच आहे आई, घेऊन टाकू का?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. यांना कसं सांगायचं ते दिवसभर सुचेना. घरात बसून सांगायची सवय नाही, रस्त्यावर सांगायची सोय नाही. संध्याकाळी निघालो तेव्हा ते सगळं जिभेवर आलेलं होतं, आणि मी ओठ घट्ट मिटून चालत होते.

टाकीच्या अलीकडे रस्ता सपाट आहे. दगड नाही, खड्डा नाही, समोरून कोणी येत नव्हतं, कोणी हाक मारली नव्हती. यांची पावलं बारीक होताना मी बघितली. नंतर पाय चिकटले. मी हात पुढे केला तोवर हे कुंपणाच्या जाळीला घासत खाली गेले होते.

मी शेजारी बसले, पाय चाचपला. त्यांनी तो हलवून दाखवला. तळहात सोलवटला होता, बाकी ठीक दिसत होतं. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी पडले कसे, ते मला कळेना. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"मी आठवत होतो," हे म्हणाले.

"काय?"

"काय चुकलं ते. तू रोज गप्प असतेस ते वेगळं. आज रागाने गप्प होतीस. कोपऱ्यापासून शोधत होतो, काही सापडेना."

मला सांगायचं होतं की नाही हो, तुमच्यावर कसली रागावते. पण बोलता बोलता ते उठायला लागले होते. एक गुडघा जमिनीवर, एक पाय रोवलेला, हात जाळीत. सगळं अंग थरथरत होतं. तशा अवस्थेत त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "सांग ना, कशावरून रागावलीस?"

आणि उत्तराची वाट बघत ते तसेच थांबले, अर्धे उठलेले.

मी त्यांच्या काखेत हात घातला, जोर लावला आणि एक शब्द बोलले नाही.

"म्हणजे रागावलीच आहेस," हे म्हणाले.